साडेचार एकरांच्या द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर : नवा घ्यावा की जुना?

गोदाकाठ

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. त्यांपैकी तीन एकर द्राक्षबाग असून लागवड नऊ बाय पाच फुटांवर, मांडव पद्धतीची आहे. उरलेल्या दीड एकरात पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यानंतर कांदा घेतो. फवारणी, ओळींमधला रोटाव्हेटर आणि बागेत शेणखत ओढून नेणे ही कामे आजवर भावकीतल्या ट्रॅक्टरवर भाड्याने होत आली. आता त्यांची स्वतःची बाग वाढली आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ज्या दिवशी आम्हाला ट्रॅक्टरवर चालणारा फवारणीचा ब्लोअर हवा असतो नेमका त्याच दिवशी तो त्यांनाही हवा असतो. म्हणून स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचे घरात ठरले आहे.

समोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे २४ अश्वशक्तीच्या आसपासचा, चारही चाकांना ओढ असलेला नवा ट्रॅक्टर. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१ हे दोन्ही मी पाहिले आहेत. दुसरी म्हणजे याच गटातला २०१८ सालचा जुना ट्रॅक्टर. तो शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराकडे आहे आणि त्यांच्याच हातून चालला आहे. ते आता मोठा ट्रॅक्टर घेत असल्यामुळे हा काढत आहेत. त्यांची अपेक्षा पावणेतीन लाखांची आहे. हाताशी साधारण तीन लाख रुपये आहेत, म्हणजे जुना रोखीत घेता येईल आणि नव्यासाठी कर्ज काढावे लागेल. ज्यांनी अशी खरेदी केली आहे किंवा जे या यंत्रांवर काम करतात, त्यांनी आपला अनुभव आणि हिशेब दोन्ही मांडावेत, ही विनंती.

ताळेबंद

गोदाकाठ, आपण आकडे दिलेत म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. खाली घेतलेल्या किमती आणि व्याजदर मी हिशेबापुरते गृहीत धरले आहेत. आपल्याला प्रत्यक्ष मिळालेले आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराआधी पाच लाखांचा असलेला ट्रॅक्टर पूर्वी पाच लाख साठ हजारांना पडत होता, तो आता सव्वापाच लाखांना पडतो. नव्याची किंमत पस्तीस हजारांनी उतरली असेल, तर जुन्याची किंमतही त्या प्रमाणात उतरायला हवी. परंतु अनेक विक्रेते अजूनही जुन्या काळातली नवी किंमत मनात धरून भाव सांगतात. बोलणी करताना हा मुद्दा अवश्य मांडावा.

आता वर्षाचा खर्च पाहू. नवा ट्रॅक्टर सव्वापाच लाखांना घेतला, दहा वर्षे वापरला आणि दोन लाखांना विकला असे समजू. घसारा वर्षाला ३२,५०० रुपये होतो. या काळात अडकलेली सरासरी रक्कम ३,६२,५०० रुपये धरली आणि त्यावर १० टक्के व्याज लावले, तर ३६,२५० रुपये होतात. विमा आणि किरकोळ खर्च ६,२५० धरला, की एकूण ७५,००० रुपये वर्षाला जातात, मग ट्रॅक्टर चालो किंवा उभा राहो. जुना पावणेतीन लाखांना घेतला, सहा वर्षांनी दीड लाखाला विकला, तर घसारा सुमारे २१,००० येतो. घेतल्याबरोबर टायर, बॅटरी, क्लच यांवर ४२,००० रुपये लागले असे धरून ते सहा वर्षांत वाटले तर ७,००० होतात. नव्यापेक्षा जास्तीची दुरुस्ती १५,००० आणि विमा ४,००० धरू. जुन्यासाठी कर्जाचा दर नेहमीच चढा असतो. तो १४ टक्के धरला तर व्याजाचे सुमारे ३०,००० होतात. एकूण ७७,०००. म्हणजे कर्ज काढून जुना घेतला, तर तो नव्यापेक्षा महागच पडतो.

रोखीत घेतल्यास स्वतःच्या पैशावर ७ टक्के धरून जुन्याचा खर्च ६२,००० वर येतो. पण न्यायाने पाहायचे, तर नव्यालाही तोच दर लावला पाहिजे, आणि मग तो ६४,००० होतो. फरक वर्षाला दोन हजारांचा राहिला. यावरून माझे मत असे झाले आहे की जुन्या ट्रॅक्टरमुळे खर्चात मोठी बचत होते हा समज बरोबर नाही. जुन्याने मिळते ती हप्त्यापासूनची मोकळीक. द्राक्षाच्या शेतकऱ्याला अवकाळी पाऊस किंवा गारपीट एका दुपारी वर्षाचे उत्पन्न घेऊन जाते, आणि बँकेचा सहामाही हप्ता मात्र तारखेलाच येतो. या मोकळीकीची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते. ती आकड्यात मांडता येत नाही.

अग्रणीकाठ

तासगाव भागात आमची बाग आहे आणि ताळेबंद यांच्या हिशेबात मला एक रकाना कमी वाटतो. ट्रॅक्टर बंद पडला तर काय, याचा तो रकाना आहे. सोयाबीनचा रोटाव्हेटर दोन दिवस लांबला तर फारसे बिघडत नाही. मात्र फळछाटणीनंतर पोंगा (कोंब फुटून पाने उलगडू लागण्याची अवस्था) ते फुलोऱ्याच्या काळात पाऊस येऊन गेला, रात्री पाने ओली राहिली आणि सकाळी डाउनी म्हणजे केवडा रोगाची फवारणी पडली नाही, तर पुढच्या सगळ्या फवारण्या फक्त नुकसान थोपवण्यासाठी कराव्या लागतात. तीन एकरांतले निम्मे घड गेले, तर वर बोललेल्या वर्षाच्या दोन हजारांच्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही.

त्यामुळे नवा की जुना हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की हा ट्रॅक्टर आपला ब्लोअर पूर्ण ताकदीने ओढतो का. कंपनीच्या पत्रकावर ठळक छापलेली अश्वशक्ती इंजिनची असते. ब्लोअरला मिळते ती पीटीओवरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजारे फिरवणाऱ्या शाफ्टवरची. २४ अश्वशक्तीच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत पीटीओवर तीन-चार अश्वशक्तींचा फरक सहज निघतो. ब्लोअर बनवणाऱ्याने किती पीटीओ अश्वशक्ती मागितली आहे हे आधी विचारावे आणि मग ट्रॅक्टरचे पत्रक पाहावे. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर परीक्षण संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत पीटीओवरची शक्ती, त्या भारावर लागणारे डिझेल आणि लिफ्टची उचल हे सगळे मोजून दिलेले असते. विक्रेत्याच्या तोंडी माहितीपेक्षा त्या अहवालावर विश्वास ठेवावा.

वजनाचाही विचार करावा. सहाशे लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच सहाशे किलो होते, त्यात ब्लोअरचे स्वतःचे वजन मिळवा. छोट्या ट्रॅक्टरचे वजन साधारण साडेसहाशे ते हजार किलोंच्या घरात असते. सपाट बागेत हे चालून जाते. ओढ्याकडे उतरत्या रानात भरलेला ब्लोअर मागून ट्रॅक्टरला ढकलतो आणि तेव्हा ब्रेकची खरी परीक्षा होते. आपले रान उताराचे असेल, तर चारशे लिटरची टाकी घेऊन एक खेप जास्त मारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

फिटर सांगलीवाला

मी बरीच वर्षे छोट्या ट्रॅक्टरांची कामे करतो. जुना ट्रॅक्टर पाहायला जाताना लोक रंग, टायर आणि मीटर पाहतात. या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याला बदलता येतात. ज्या बदलता येत नाहीत त्या सांगतो.

जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर सांगावे की ट्रॅक्टर चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनला हात लावावा. ते गरम लागले, तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, कारण झिजलेले इंजिन थंड असतानाच बोलते. थंड इंजिन किती वेळ स्टार्टर मारल्यावर उठते आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, हे पाहावे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर जात असेल तर हरकत नाही. गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला, तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. भार दिल्यावर काळा धूर येणे बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचे लक्षण असते आणि ते दुरुस्त होण्यासारखे असते. चालू इंजिनचे ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. तिथून झटक्याझटक्याने जोराचा वाफारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर गेलेले आहेत आणि अर्ध्या इंजिनाचा खर्च समोर आहे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा डिपस्टिकवरचे ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर पुढची बोलणी करू नयेत.

यानंतर लिफ्ट. मागे रोटाव्हेटर लावून तो पूर्ण वर उचलावा आणि इंजिन बंद करावे. थोड्या वेळात तो हळूहळू खाली बसू लागला, तर हायड्रॉलिकच्या सिलिंडरमधले सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. क्लच पाहण्यासाठी वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सावकाश सोडावा. इंजिन दबून बंद पडले तर क्लच धरतो आहे, इंजिन तसेच फिरत राहिले तर प्लेट संपली आहे. हे करताना समोर कोणीही उभे राहू नये.

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरात आणखी एक ठिकाण मी आवर्जून पाहतो, ते म्हणजे पीटीओचा शाफ्ट. बागेतला ट्रॅक्टर शेतीच्या ट्रॅक्टरासारखा ओढाताणीने थकत नाही. त्याचा पीटीओ मात्र फवारणीत तासन्‌तास फिरतो. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने वरखाली हलवावा. त्याचे दाते एका बाजूने धारदार झाले असतील किंवा सीलमधून तेल गळत असेल, तर खर्च धरून चालावे. बुरशीनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद लोखंड आणि वायरिंग दोन्ही खातो, म्हणून मडगार्डच्या आतली बाजू, बॅटरीखालचा पत्रा आणि दिव्यांच्या वायरींचे जोड उचकटून पाहावेत. नवा रंग मारलेला असेल तर तिथे अधिक बारकाईने पाहावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फिटरदादा, दोन शंका आहेत. हा ट्रॅक्टर १,४०० तास चालल्याचे मीटर दाखवते. सात वर्षांच्या वापराला ते कमी वाटते. दुसरे असे की पुढचे टायर नवे आहेत आणि मागचे जुनेच आहेत, यात काही अडचण असते का?

फिटर सांगलीवाला

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारी जी जुन्या पद्धतीची मीटरे असतात, त्यांचा एक तास म्हणजे इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चाललेला एक तास असतो. इंजिन त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर चालले, तर घड्याळाचे दोन तास मीटरवर एकच तास दिसतात. त्यामुळे नुसत्या मीटरवरून वापर ठरवता येत नाही, आणि केबल तुटली की मीटर थांबते हे तर सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी मालकाला किती एकर बाग आहे, वर्षाला साधारण किती फवारण्या होतात आणि एका फवारणीला किती वेळ लागतो, हे सहज गप्पांत विचारावे आणि गुणाकार करावा. क्लचच्या पॅडलवरचे रबर, ब्रेकच्या पॅडलची पिन, सीटची कड आणि गिअरच्या मुठी यांची झीज त्या गुणाकाराशी जुळते का, हे पाहावे. एकाच मालकाकडचा ट्रॅक्टर असेल, तर सर्व्हिसच्या पावत्या मागायला संकोच करू नये.

टायरची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरात पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा किंचित अधिक वेगाने जमीन कापतील, अशी गिअरची रचना असते. हे प्रमाण टायरच्या ठरावीक मापावर बसवलेले असते. कोणी पुढे वेगळ्या मापाचे टायर बसवले किंवा एका जोडीची नक्षी पूर्ण संपली, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि तो ताण पुढच्या एक्सलच्या गिअरांवर जातो. डांबरी रस्त्यावर पुढची ओढ चालू ठेवून गेल्यानेही हेच होते, कारण तिथे चाकाला घसरायला वाव नसतो. म्हणून नव्या टायरचे माप कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. मग मोकळ्या रानात पुढची ओढ घालून दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्यावे. कटकट आवाज आला, तर पुढच्या एक्सलचे काम आहे. या भागाचे सुटे भाग महाग असतात, आणि बंद झालेल्या मॉडेलांचे तर वेळेवर मिळतही नाहीत. एका ट्रॅक्टरचा पुढचा पिनियन मिळेपर्यंत मालकाचा अख्खा हंगाम गेलेला मी पाहिला आहे. त्यामुळे जुना घ्यायचा तर ज्याचे मॉडेल आजही विकले जाते असाच घ्यावा.

तळकोकण

आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण जुना ट्रॅक्टर शोधणाऱ्या घाटावरच्या मंडळींनाही ती उपयोगी पडेल म्हणून लिहितो. कोकणात छोटा ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीत वापरला जातो. चाके अर्धी चिखलात असतात आणि एक्सलच्या सीलमधून पाणी आत जाते. वरून यंत्र स्वच्छ दिसते, तास कमी असतात, किंमतही आकर्षक असते. आतल्या बेअरिंगना मात्र गंज चढलेला असतो. अशा ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलचा तळाचा बोल्ट सैल करून दोन थेंब तेल हातावर घ्यावे. त्यात पाणी किंवा दुधाळपणा असेल, तर ते यंत्र चिखलणीतले आहे आणि त्याची निगा झालेली नाही. दलालांच्या आवारात आलेले ट्रॅक्टर कोणत्या जिल्ह्यातून आले हे कोणी सांगत नाही. आरसी बुकावरचा नोंदणी क्रमांक मात्र ते सांगतो.

चार-पाच गुंठ्यांच्या खाचरांसाठी आम्ही बहुतेक जण अजूनही पॉवर टिलरच पसंत करतो. द्राक्षाच्या तीन एकरांना तो सल्ला लागू नाही, हे मान्य आहे.

माणदेशी

आटपाडीकडे आमचे डाळिंब आहे. मला एक वेगळा विचार मांडायचा आहे, आणि तो कोणाला नाउमेद करण्यासाठी नाही. छोटा ट्रॅक्टर घेतला की घरातल्या सगळ्यांची अपेक्षा वाढते. नांगरट त्यानेच व्हावी, ट्रॉली त्यानेच बाजार समितीत न्यावी, शेजाऱ्याचे कामही त्यानेच करावे, असे होऊ लागते. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट हे २४ अश्वशक्तीच्या यंत्राचे काम नाही. ती वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगून करून घ्यावी. पल्टी नांगर लावून छोट्या ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअरबॉक्स पहिल्या दोन वर्षांत संपवलेले शेतकरी माझ्या पाहण्यात आहेत. तोच ट्रॅक्टर मग विक्रीला येतो.

आणि तास मोजावेत. ताळेबंद यांचा ७५,००० हा आकडा घेतला, तर वर्षाला २५० तास काम असल्यास तासाला तीनशे रुपये पडतात. शंभरच तास काम असल्यास साडेसातशे, आणि त्यात डिझेल व चालवणारा धरलेलाच नाही. ज्यांच्याकडे फक्त दीड-दोन एकर फळबाग आहे, त्यांनी दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून एक ब्लोअर आणि एक ट्रॅक्टर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोणाची फवारणी आधी, हा वाद होतो हे खरे आहे, आणि गोदाकाठ यांची मूळ अडचणही तीच आहे. म्हणून त्यांच्या बाबतीत स्वतःचा ट्रॅक्टर योग्य आहे असे मलाही वाटते. परंतु हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने तसे ठरवू नये.

मोहोळच्या ताई

अजून कोणी अनुदानाचे बोलले नाही याचे आश्चर्य वाटते. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाखाली ट्रॅक्टरसाठी अर्ज करता येतो. महिला, अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती आणि जमातीच्या शेतकऱ्यांना आपल्या राज्यात सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत अनुदान देण्यात आले आहे. अर्ज करताना त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचना मात्र स्वतः वाचाव्यात. दोन हेक्टरांच्या आत जमीन असली की लहान शेतकरी समजले जाते, आणि गोदाकाठ यांचे साडेचार एकर त्यात बसतात. सातबारा आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल, तर अर्ज त्यांच्या नावाने करावा. हे अनुदान फक्त नव्या ट्रॅक्टरला आहे, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर ते मिळत नाही. विक्रेता घाई करतो, सणाची सवलत संपेल म्हणतो. पूर्वसंमतीचे पत्र हाती येईपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नये.

याशिवाय सामाजिक न्याय विभागाची वेगळी योजना आहे. ज्या बचत गटात किमान ८० टक्के सदस्य अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकांचे आहेत, त्याला ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारे यांच्यासाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे तीन लाख पंधरा हजारांपर्यंत अनुदान मिळते. ज्यांना ती लागू आहे त्यांनी जुन्या ट्रॅक्टरचा विचारच करू नये.

एक बाजू जुन्यासाठीही आहे. जुना ट्रॅक्टर आपल्या घरातल्या माणसाच्या नावावर झाला, की त्याच्या आरसीच्या आधारे ब्लोअर, रोटाव्हेटर अशा ट्रॅक्टरचलित अवजारांसाठी अर्ज करता येतो. ताळेबंददादा, अनुदान धरून नव्याचा हिशेब पुन्हा मांडून दाखवाल का?

ताळेबंद

अवश्य, ताई. सव्वापाच लाखांतून सव्वा लाख वजा गेले तर गुंतवणूक चार लाख राहते. दहा वर्षांनी दोन लाख आले असे धरल्यास घसारा २०,०००, सरासरी तीन लाखांवर १० टक्के व्याज ३०,००० आणि विमा व किरकोळ ६,२५०, असे वर्षाला ५६,२५० रुपये होतात. जुन्याच्या ६२,००० पेक्षा हे स्पष्टपणे कमी आहे, आणि तेही कर्जाचा दर धरून. अनुदानाची रक्कम खरेदीनंतर खात्यावर जमा होते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पैसे उभे करावे लागतात. तरीही निष्कर्ष बदलत नाही. अनुदानाची खात्री असेल, तर नव्याच्या बाजूने पारडे झुकते. खात्री नसेल, तर पुन्हा दोन हजारांच्या फरकाशी आणि हप्त्याच्या प्रश्नाशी येऊन थांबतो.

कागद पाहणारा

जुन्या वाहनांच्या हस्तांतरणाची कामे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून थोडे कागदांविषयी लिहितो. बहुतेक ट्रॅक्टर कर्जावर घेतलेले असतात आणि आरसीवर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले असे मालक सांगतो आणि तो खरेही बोलत असतो. तरी बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन आरटीओकडून बोजा उतरवलेला नसेल, तर ट्रॅक्टर आपल्या नावावर होत नाही. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल, तर नमुना २८ प्रमाणे तिथला ना हरकत दाखला लागतो. चेसिस आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. कोरलेल्या जागी घासल्याची खूण दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपत आलेला ट्रॅक्टर घेतल्यास पुनर्नोंदणीचा खर्च आणि तपासणी आपल्या गळ्यात येते. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीला कळवावे.

फायनान्स कंपन्यांनी हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेले ट्रॅक्टर स्वस्त मिळतात. त्यांचे कागद कंपनीकडून नीट मिळू शकतात, मात्र ज्याचे हप्ते थकले त्याने शेवटच्या वर्षात ऑइल बदललेले असण्याची शक्यता कमी असते, आणि आधीचा मालक भेटून सांगणाराही नसतो. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर करार करून वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने ट्रॅक्टर चालवण्याची पद्धत गावोगावी आहे. अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक आणि चालवणारा दोघेही अडकतात. ओळखीचा माणूस आहे म्हणून हे कधीही करू नये.

गोदाकाठ

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल ऋणी आहे. जमीन आईच्या नावावर आहे, त्यामुळे ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिच्या नावाने महाडीबीटीवर अर्ज भरत आहे. पूर्वसंमती फळछाटणीच्या आधी आली तर नवा घेऊ. ती आली नाही, तर ओळखीच्या बागायतदाराचा २०१८ चा ट्रॅक्टर रोखीत घेण्याचा विचार आहे; त्याचे मॉडेल आजही विकले जाते आणि सर्व्हिसच्या पावत्या त्यांच्याकडे आहेत. अग्रणीकाठ यांनी सांगितलेला धोका मला पूर्ण पटतो. त्यासाठी भावकीतल्या ट्रॅक्टरवाल्यांशी बोललो. माझा ट्रॅक्टर बंद पडला तर त्यांची फवारणी झाल्यावर त्याच दिवशी माझी करून देतील, आणि त्यांचा बंद पडला तर मी त्यांची करीन, असे ठरले आहे.

फिटरदादा, शेवटचा प्रश्न. त्यांचा ट्रॅक्टर चाचणीत ठीक निघाला, तर घासाघीस कोणत्या गोष्टींवर करावी आणि ब्लोअर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा का?

फिटर सांगलीवाला

ब्लोअर लावूनच पाहावा; त्यांच्याकडे ब्लोअर आहेच. टाकी पूर्ण भरून, पीटीओ त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांवर ठेवून किमान अर्धा तास बागेत चालवावा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. पंखा घातल्यावर इंजिन दबून फेऱ्या खाली येत असतील आणि परत सावरत नसतील, तर पंप किंवा इंजिन थकलेले आहे. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करावे, कारण काही इंजिने थंड असताना बरी उठतात आणि तापल्यावर उठत नाहीत.

किंमत सांगताना इंजिनला नावे ठेवू नयेत. मालकाचा जीव त्यात असतो आणि बोलणी बिघडतात. मागच्या दोन टायरांची आजची किंमत दुकानातून कागदावर लिहून न्यावी. ट्रॅक्टरच्या टायरांवरचा करही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून जुन्या अंदाजाने आकडा धरू नये. त्यात बॅटरी, पुढच्या एक्सलचे सील, सगळी ऑइले आणि फिल्टर मिळवून जी बेरीज येईल ती त्यांच्यासमोर ठेवावी आणि ती पावणेतीन लाखांतून वजा करायला सांगावी. क्लच प्लेट मात्र त्या बेरजेत धरू नये, जोपर्यंत चाचणीत ती घसरत नाही. टायर आणि ऑइल यांचे पैसे कोणताही रास्त माणूस मान्य करतो. ट्रॅक्टर घरी आणल्यावर ती सगळी ऑइले आणि फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदलावेत, आणि बदललेले जुने ऑइल पातेल्यात घेऊन लोहचुंबक फिरवून लोखंडाचा चुरा चिकटतो का ते पाहावे.